वायूंच्या अभिक्रियांची गणितं: लिमिटिंग रिएजंट आणि आंशिक दाब एकत्र आले की

उदगीर-अहमदपूरकडून लातूरला किंवा हिंगोलीकडून नांदेडला अकरावीसाठी आलेल्या बहुतेक मुलांना मोलची गणितं जमतात, वायूंचे नियमही पाठ असतात. दोन्ही एकाच प्रश्नात आले की मात्र घोळ सुरू होतो. नीट असो की सीईटी, असा प्रश्न सूत्रापेक्षा क्रमावर सुटतो: आधी मोल, मग कोण आधी संपतं ते (हाच लिमिटिंग रिएजंट), मग काय उरलं ते, आणि दाब सगळ्यात शेवटी. मिश्रणातल्या एकेका वायूचा स्वतःचा दाब म्हणजे आंशिक दाब, त्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब.

एक गणित पूर्ण करून बघू. ८.२१ लिटरच्या बंद भांड्यात २७ अंश सेल्सिअसला १.२ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन आहे. ठिणगी दिली, अभिक्रिया पूर्ण झाली. भांडं २२७ अंशाला असताना दाब किती? आणि परत २७ अंशाला आणल्यावर किती?

हायड्रोजन ०.६ मोल, ऑक्सिजन ०.५ मोल. आकडा लहान दिसतो म्हणून पुष्कळ जण इथेच ऑक्सिजनवर बोट ठेवतात. काही जण ग्रॅम कमी म्हणून हायड्रोजन धरतात. उत्तर बरोबर येतं, पण पुढच्या गणितात हीच सवय दगा देते. समतोल समीकरणात हायड्रोजनचे २ मोल ऑक्सिजनच्या १ मोलाशी जोडलेले आहेत. म्हणून प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणातल्या त्याच्या आकड्याने, भागा: ०.६ भागिले २ म्हणजे ०.३, आणि ०.५ भागिले १ म्हणजे ०.५. लहान आलेला हायड्रोजन, तोच आधी संपणार. ऑक्सिजन ०.३ मोल खर्च होतो, ०.२ उरतो. पाणी ०.६ मोल तयार होतं. चुकून ऑक्सिजन संपतो असं धरलं असतं, तर १ मोल हायड्रोजन लागला असता आणि शिल्लक उणे आली असती. आधी-खर्च-शिल्लक अशा तक्त्यात उणे आकडा दिसला की तिथेच थांबा, लिमिटिंग रिएजंट चुकलाय.

वस्तुमानाचा ताळा लगेच करून टाका, दहा सेकंद लागतात. आधी १७.२ ग्रॅम, नंतर पाणी १०.८ आणि ऑक्सिजन ६.४, बेरीज तीच.

आता दाब. २२७ अंश म्हणजे ५०० केल्व्हिन. वायू स्थिरांक आर ०.०८२१ घेतला तर या भांड्यात १ मोल वायूचा दाब ५ अ‍ॅटमॉस्फिअर पडतो. ऑक्सिजनचा १, वाफेचा ३, एकूण ४ अ‍ॅटमॉस्फिअर. हा भाग सोपा आहे.

खरी मेख २७ अंशाला आहे. ३०० केल्व्हिनला १ मोलाचा दाब ३ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणून ऑक्सिजनचा ०.६ आणि पाण्याचा १.८, एकूण २.४, असं लिहून मुलं मोकळी होतात. पण २७ अंशाला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याचे जेमतेम २६.७ मिलिमीटर, म्हणजे ०.०३५ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. त्याच्या वर वाफ राहूच शकत नाही, बाकीचं पाणी होऊन तळाशी बसतं. १०.८ ग्रॅमपैकी वाफेत राहतं सुमारे ०.२ ग्रॅम. त्यामुळे खरा दाब ०.६ अधिक ०.०३५, म्हणजे ०.६३५ अ‍ॅटमॉस्फिअर. प्रश्नात बाष्पदाब नगण्य धरा असं म्हटलं असेल तर ०.६. तापमान शंभराच्या खाली आणि पदार्थांत पाणी दिसलं, की ‘हे वायू आहे का द्रव?’ हे समासात लिहूनच पुढे जा.

घनफळ आणि तापमान तेच असेल तर मोलऐवजी थेट दाबच तक्त्यात भरता येतो: २७ अंशाला हायड्रोजन १.८, ऑक्सिजन १.५, खर्च ०.९, शिल्लक ०.६. वेळ वाचतो. पण दोन वेगवेगळी भांडी नळीने जोडली असतील तर आधी प्रत्येक वायूचा दाब एकूण घनफळावर आणा. २ लिटरमधला ३ अ‍ॅटमॉस्फिअरचा वायू ६ लिटरभर पसरला की १ अ‍ॅटमॉस्फिअर. दोन भांड्यांची तापमानं वेगळी असतील तर हा आडमार्ग सोडा आणि मोलच काढा.

आरच्या किमतीत फसू नका: लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरला ०.०८२१, लिटर-बारला ०.०८३१, पास्कल-घनमीटरला ८.३१४. तसंच २२.४ लिटर हे ० अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरचं, १ बारला २२.७. रसायनशास्त्राची मानकं ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ पासून प्रमाण दाब १ बार धरलाय, म्हणून पुस्तकागणिक आकडा बदलतो. २७ अंशाला २२.४ किंवा २२.७ यांपैकी काहीच चालत नाही.

हाच हिशोब प्रॅक्टिकललाही लागतो. ०.१ ग्रॅम जस्त भरपूर आम्लात टाकून हायड्रोजन पाण्यावर गोळा केला, तर कागदावर ३० अंशाला, दाब ७६० मिलिमीटर धरून, ३८ मिलिलिटर येतात. पण छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे हवेचा दाब ७६० नाही, ७१० मिलिमीटरच्या जवळपास असतो. त्यातून ३० अंशाचा पाण्याचा बाष्पदाब ३१.८ वजा करा, हायड्रोजनच्या वाट्याला ६७८ उरतात. त्यामुळे आतली-बाहेरची पातळी सारखी करून वाचलं की नळीत साडेबेचाळीसच्या आसपास आकडा दिसतो. तो बरोबर आहे, ३८ करायला वाचन बदलू नका.