ठाण्याच्या फलाटावरून रेल्वे वाचायला शिका

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली भारतातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान' ही तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. ती आणणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांत आपले नाना शंकरशेट होते. अशा गावात राहून गाड्यांचं वेड लागलं, तर त्यात नवल काहीच नाही. नवल वाटतं ते याचं, की रोज इथून प्रवास करणाऱ्या लाखो माणसांपैकी फार थोडे जण समोरच्या गाडीकडे नीट बघतात.

हा छंद सुरू करताना बहुतेक जण आधी कॅमेरा बाहेर काढतात. माझ्या मते कॅमेऱ्याचं काम बरंच नंतरचं. रेल्वे आपली बहुतेक माहिती स्वतःच्या अंगावर रंगवून हिंडते: इंजिन कुठल्या जातीचं, कुठल्या शेडचं (म्हणजे देखभालीच्या ठिकाणाचं), डबा कोणत्या साली बनला, गाडी पूर्ण आली की नाही. ही लिपी आधी शिकून घ्या. त्यासाठी एक वही, एक पेन आणि १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट पुरतं.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

रविवारी सकाळी लवकर या. बाहेरगावच्या पुष्कळ गाड्या पहाटेपासून मुंबईत शिरत असतात, गर्दी कमी असते आणि मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी मार्ग बंद ठेवण्याची वेळ) सुरू व्हायला अवकाश असतो. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. सणासुदीच्या गर्दीत काही स्टेशनांवर त्याची विक्री बंद ठेवतात, तेव्हा सरळ जवळच्या स्टेशनचं लोकलचं तिकीट काढा. पास असेल तर प्रश्नच नाही.

ठाण्यात जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी पाच ते आठ या फलाटांकडे जा. नऊ आणि दहा हे वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरचे. पाच-सहाच्या बेटावर पूर्वी उभं राहणंही कठीण होतं. २०२४च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन तो फलाट रुंद केला, तेव्हापासून तिथे श्वास घेता येतो.

इंजिन बघायचं तर गाडी जिकडे जाणार त्या टोकाला थांबा. मुंबईकडे जाणारी गाडी 'अप', मुंबईपासून दूर जाणारी 'डाउन'. डाउन गाडीचं इंजिन कल्याणच्या बाजूला थांबेल, अप गाडीचं मुंबईच्या बाजूला. पिवळ्या पट्टीच्या आत, रुळांपासून दूर उभं राहायचं. न थांबता जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्याचा जोर जवळून अनुभवलेल्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: इंजिनाचं नाव वाचा

इंजिनावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, उदाहरणार्थ डब्ल्यूएपी-७. पहिलं अक्षर रुळांच्या मापाचं. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. दुसरं अक्षर इंजिन कशावर चालतं ते सांगतं: 'डी' डिझेल, 'सी' डीसी वीज, 'ए' एसी वीज. तिसरं कामाचं: 'पी' प्रवासी, 'जी' मालगाडी, 'एम' दोन्ही, 'एस' शंटिंग, म्हणजे डबे हलवण्या-जोडण्याचं काम. म्हणजे डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवर चालणारं, प्रवासी गाड्यांचं इंजिन, आणि डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं. एवढं पाठ झालं की पहिल्याच सकाळी निम्मी इंजिनं ओळखता येतात.

या अक्षरांत मुंबईचा इतिहासही दडलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे हीच वीज एकीकडे इगतपुरी आणि दुसरीकडे पुण्यापर्यंत गेली. देशाच्या बाकी भागात मात्र २५,००० व्होल्ट एसी आली. त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे. त्यावर उपाय म्हणून दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बनली, म्हणून त्यांच्या नावात 'सी' आणि 'ए' दोन्ही अक्षरं: डब्ल्यूसीएएम. २०१५च्या जूनमध्ये सीएसएमटी ते ठाणे हा टप्पा एसी झाला, पुढच्या वर्षी हार्बर मार्गही झाला, आणि त्या इंजिनांचं खास कामच उरलं नाही. कल्याण शेडचं असं एखादं इंजिन दिसलं तर वहीत ठळक नोंद करा.

नावाजवळच पाच आकडी क्रमांक असतो आणि शेडचं नाव रंगवलेलं असतं. मला सगळ्यात जास्त आनंद हे नाव वाचण्यात मिळतो. अजनी, भुसावळ, इटारसी, लाल्लागुडा, इरोड, तुघलकाबाद. इंजिन देशभर फिरतं, पण देखभालीसाठी त्याला आपल्या शेडला परतावंच लागतं. शाळेतल्या मुलाला नकाशावर ही गावं शोधायला लावा, त्याचा भूगोल आपोआप पक्का होईल.

तिसरी पायरी: डबे

दोन डब्यांच्या मधे बघा. तिथे बाजूला गोल बफर (धक्का झेलणाऱ्या तबकड्या) दिसले तर तो जुन्या बनावटीचा आयसीएफ डबा, चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नावाने ओळखला जाणारा. बफर नसले आणि मधल्या कपलिंगने डबे घट्ट जोडलेले असले तर तो मूळ जर्मन बनावटीचा एलएचबी. एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब, आयसीएफ सव्वाएकवीसच्या आसपास. अपघातात एलएचबी डबे एकमेकांवर चढण्याची शक्यता कमी असते, हे बदलामागचं मोठं कारण.

मग डब्याचा क्रमांक. त्याचे पहिले दोन आकडे बनावटीचं साल सांगतात. २१ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे डबा २०२१चा.

शेवटच्या डब्यामागे मोठी पिवळी फुली असते आणि 'एलव्ही' (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अशी छोटी पाटी. शोभेसाठी नाही ती. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, वाटेत डबा सुटून मागे राहिलेला नाही, याची खात्री स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला होते.

चौथी पायरी: लोकल

लोकलला रोजची म्हणून कमी लेखू नका. इंडिकेटरवरच्या अक्षरांपासून सुरुवात करा. 'के' कल्याण आणि 'टी' ठाणे हे कुणीही सांगेल. पण 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत, हे कळलं की तुम्ही मध्य रेल्वेचे खरे प्रवासी. 'टीएल' टिटवाळा, 'बीएल' बदलापूर, 'एएन' आसनगाव.

नंतर डोळे मिटून ऐका. सीमेन्स, बॉम्बार्डियर आणि मेधा यांची यंत्रणा असलेल्या लोकल सुटताना वेगवेगळ्या सुरात गुणगुणतात. काही आठवड्यांत कान तयार होतो आणि गाडी न बघता सांगता येतं. मागच्या केबिनजवळ उभे असाल तर गार्डची घंटा ऐका (२०२२पासून त्यांचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं आहे). दोन ठोके म्हणजे मोटरमनला निघायचा इशारा, एक ठोका म्हणजे थांब.

खिडकीची जागा मिळाली तर विजेच्या खांबांवरचे आकडे वाचत चला. वरचा आकडा सीएसएमटीपासूनच्या किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. ठाण्याच्या आसपास वरचा आकडा ३३-३४च्या घरात असतो. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून याहून चांगला खेळ मला माहीत नाही.

सिग्नलही बघा. लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा असे चार संकेत. खांबावर पांढऱ्या गोलात काळा 'ए' असेल तर तो आपोआप चालणारा सिग्नल. गाडी पुढे सरकते तसे मागचे सिग्नल लालवरून पिवळा, दोन पिवळे, हिरवा असे बदलत जातात. फलाटाच्या टोकाला दहा मिनिटं उभं राहून हे पाहिलं की इतक्या गाड्या एकामागून एक कशा धावू शकतात ते समजतं.

पाचवी पायरी: वही

वहीत रकाने आखा: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, अप की डाउन, इंजिनाचा प्रकार, त्याचा क्रमांक, शेड, डबे कोणते, किती उशीर. शेवटी 'शेरा' हा रुंद रकाना हवाच. पाऊस, रिकामी गाडी, नवा रंग, उलट्या तोंडाचं इंजिन, सगळं त्यात जातं.

गाडीचा क्रमांकही वाचता येतो. १ किंवा २ने सुरू होणाऱ्या लांब पल्ल्याच्या, ०ने सुरू होणाऱ्या विशेष, ९ने सुरू होणाऱ्या उपनगरी. जाणारी आणि येणारी यांची जोडी असते: १२१२३ ही मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन, १२१२४ ही परतीची. १ जून १९३०ला सुरू झालेली ही गाडी एका संध्याकाळी तरी नोंदवायलाच हवी. अपेक्षित वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर किंवा रेल्वेच्या एनटीईएस या गाड्यांच्या चौकशी सेवेवर बघून या.

मेगाब्लॉकच्या दिवशी जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. प्रवाशाला त्याचा ताप होतो, हे खरंच. वही घेऊन बसणाऱ्याला मात्र एरवी न दिसणारी गाडी भलत्याच फलाटावर दिसते.

सहावी पायरी: ठाण्याबाहेर पडा

आधी मुंब्रा-दिवा. १ मे १८५४ला रेल्वे कल्याणपर्यंत पोचली ती पारसिकच्या डोंगराला वळसा घालून. पुढे १९१६ला डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला आणि जलद गाड्या त्यातून धावू लागल्या. २०२२च्या फेब्रुवारीत ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाल्यावर बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. जुन्या ठाणे-डोंबिवलीकरांना बोगद्यातला तो एकदम वाढणारा आवाज आठवत असेल. आता तो ऐकायचा तर मेल-एक्स्प्रेसने जावं लागतं. दिव्याला उतरलात की एकाच ठिकाणी मुख्य मार्ग, वसईकडचा फाटा आणि पनवेलकडचा फाटा दिसतो. कोकणात जाणाऱ्या गाड्या इथूनच वळतात.

दुसरा दिवस नवी मुंबईला द्या. ठाणे-वाशी मार्ग २००४च्या नोव्हेंबरात सुरू झाला. मध्य रेल्वेची पहिली एसी (वातानुकूलित) लोकलही २०२०च्या जानेवारीत याच ट्रान्स-हार्बरवर धावली. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, ६७ टक्के सिडको आणि ३३ टक्के रेल्वे. स्टेशनांच्या डोक्यावर कचेऱ्या उभ्या दिसतात ते याच नियोजनातून. सानपाड्याला कारशेड बघा, नेरूळला उतरून उरणची गाडी पकडा. खारकोपरच्या पुढचा टप्पा २०२४च्या जानेवारीतला. कोकण रेल्वेचं मुख्यालय बेलापूरला आहे, आणि तिच्या गाड्या निवांत बघायच्या तर पनवेलचा फलाट ठाण्यापेक्षा कितीतरी बरा.

घाट बघायचा तर कसारा किंवा कर्जत गाठा. दोन्हीकडे घाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. गाडी थांबते, मागे बँकर येऊन लागतात, आणि मग आख्खी गाडी ढकलली जाते. कर्जतला हे वडा खात खात बघता येतं. कसाऱ्याहून परतीच्या लोकल मोजक्याच असतात, वेळ आधी बघून ठेवा.

कुठेही चालणार नाही ते

रुळांवर उतरायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जीव जातो तो वेगळाच. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागायची गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून पुलावर किंवा फलाटावर सेल्फी स्टिक, लांब दांडा, छत्री उंच धरू नका. मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा वळवू नका. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने 'फोटो नको' म्हटलं तर हुज्जत न घालता कॅमेरा बॅगेत ठेवा आणि वही उघडा.

आता कशाची नोंद आधी करावी

आयसीएफ डब्यांची. जुन्या बनावटीचे हे डबे बनवणं २०१८ला थांबलं आणि एकेक गाडी एलएचबी होते आहे. ठाण्याला येणाऱ्या कोणत्या गाड्यांना अजून बफरवाले डबे आहेत, त्याची यादी आजपासून सुरू करा आणि गाडी बदलली की तारीख लिहा. तेच बिनएसी लोकलचं. शेजारीपाजारी निवृत्त मोटरमन, गार्ड, कारशेडमधले फिटर असतील. ठाणे, कळवा, डोंबिवलीत त्यांना तोटा नाही. "काका, तुमच्या वेळी इगतपुरीला इंजिन बदलायला किती वेळ लागायचा?" एवढा एक प्रश्न विचारा आणि वहीची चार पानं कोरी ठेवून जा. तारखेसह त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या.