उइघुर आणि स्लोवाक एकत्र अभ्यासायच्या असतील तर मराठीतून जा

लिंग्विस्टिक्सला नवीन आलेल्यांना कधी ना कधी दोन लांबच्या भाषांची तुलना करायला सांगतात आणि बहुतेक जण जपानी, फ्रेंच असं काहीतरी घेतात कारण त्यांचं मटेरियल भरपूर मिळतं. मी उइघुर आणि स्लोवाक घेतल्या. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्यांना सुरुवात कुठून करायची ते कळेल.

थोडक्यात ओळख: उइघुर तुर्की कुळातली, उझबेकला खूप जवळची, मुख्यतः चीनच्या शिंजियांगमध्ये बोलतात, बोलणारे एक कोटीच्या आसपास, शिवाय कझाकस्तान आणि किर्गिझस्तानातही आहेत. स्लोवाक स्लाव्हिक भाषा, बोलणारे साधारण ५० लाख, तिच्या आजच्या प्रमाणभाषेचा पाया ल्युदोवीत श्टूरने १८४३ मध्ये मध्य स्लोवाकियातल्या बोलींवर घातला. स्लाव्हिक म्हणजे इंडो-युरोपियन, म्हणजे मराठीची लांबची नातेवाईक. उइघुरशी आपलं रक्ताचं नातं काहीच नाही.

म्हणून स्लोवाक सोपी जाईल असं वाटतं आणि शब्दांपुरतं ते खरंही आहे. आपलं तो-ती-ते तिकडे तेन-ता-तो होतं (त्यांचा 'तो' नपुंसकलिंगी आहे, हे पक्कं डोक्यात ठेवा), तीन लिंगं आहेत, नवा म्हणजे 'नोवी', धूर म्हणजे 'दिम', आपल्या संस्कृत 'धूम'चाच भाऊ. पण वाक्य बनवायला बसलात की उइघुर जास्त ओळखीची वाटायला लागते, कारण कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आपलाच, प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि सगळ्यात भारी म्हणजे जोडक्रियापदं. 'येझिप बॅर' म्हणजे शब्दशः लिहून दे, 'येझिप कोय' म्हणजे लिहून ठेव, 'किलिप बाक' म्हणजे करून बघ, आणि या 'बाक'चा मूळ अर्थ खरोखरच बघणे असा आहे. इंग्रजी पुस्तकात यावर अख्खं चॅप्टर असतं, मराठी माणसाला ते पहिल्या वाचनात कळतं.

स्लोवाकमध्ये हेच काम क्रियापदाच्या पुढे लागणारे उपसर्ग करतात. 'चीताल सोम क्निहु' म्हणजे मी पुस्तक वाचत होतो, किंवा नुसतं वाचलं, संपलं की नाही माहीत नाही. 'प्रेचीताल सोम क्निहु' म्हणजे वाचून काढलं. उइघुरमध्ये वाचून काढलं म्हणजे 'ओकुप चिक्तिम', शब्दशः वाचून निघालो. स्लाव्हिक भाषांमधला हा पूर्ण-अपूर्णचा भेद नवीन लोकांना रडवतो, पण वाचणे आणि वाचून काढणे, खाणे आणि खाऊन टाकणे यांत आपण रोज असाच भेद करतो, तेव्हा मला तरी तो मराठीतूनच नीट समजला.

याच वाक्यात अजून एक गंमत सापडते. स्लोवाक बाई 'चीताला सोम' म्हणणार, म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठीत मी पुस्तक वाचलं पण पोथी वाचली, म्हणजे कर्माप्रमाणे बदलतं. उइघुरमध्ये लिंगच नाही, तो-ती-ते सगळ्यांना एकच 'उ', आणि 'ओकुदुम' (मी वाचलं) मधला शेवटचा 'म' फक्त 'मी' एवढंच सांगतो. तुलनेच्या प्रोजेक्टसाठी एवढं एक वाक्य घेतलंत तरी दोन-तीन पानं लिहिता येतील.

विभक्तीसाठी 'आमच्या पुस्तकांमधून' घ्या. उइघुर: 'किताब्लिरिमिझदिन', किताब, मग अनेकवचन, मग आमचं, मग मधून, एकेक प्रत्यय सुटा करून दाखवता येतो. त्यात 'लार'चा 'लिर' झालाय, असे स्वर उइघुरमध्ये बदलत राहतात, बाला म्हणजे मूल आणि बालिलार म्हणजे मुलं, आपल्या सामान्यरूपाची सवय असेल तर फार त्रास होत नाही. स्लोवाक: 'झ नाशिख क्नीह'. इथे 'क्निहा'चा शेवटचा आ गळाला, आतला इ लांबला, आणि त्यातूनच अनेकवचनही कळलं आणि विभक्तीही. वेगळं काढायला काही उरतच नाही. शिवाय दोन ते चारला एक रूप ('द्वे क्निही'), पाचपासून दुसरं ('पेत्य क्नीह'), तर उइघुरमध्ये संख्येनंतर सरळ एकवचन, 'बॅश किताब'.

पण उइघुर प्रत्येक बाबतीत जवळची आहे असं समजू नका. 'कॅल्दी' म्हणजे आला, 'कॅप्तू' म्हणजे आलाय म्हणे, ऐकीव किंवा अंदाजाची माहिती तिथे क्रियापदातच बसते. मराठीत वेगळा 'म्हणे' लागतो, आणि स्लोवाकमध्येही वेगळा शब्दच लागतो, 'व्राय'. दोस्त, दुनिया, बाजार, जवाब वगैरे उइघुरमध्ये दिसले की आनंद होतो पण ते दोन्हीकडे फारसी-अरबीतून आलेत, त्यावरून नातं सिद्ध करायला जाऊ नका.

लिपीचं टेन्शन नको. स्लोवाकची ४६ अक्षरं आहेत पण उच्चार नियमित, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा, 'सुद' म्हणजे पिंप आणि 'सूद' म्हणजे कोर्ट. उइघुरची लिपी अरबी वळणाची, ३२ अक्षरं, आठही स्वर लिहितात त्यामुळे वाचायला उर्दूपेक्षा सोपी. कझाकस्तानातलं मटेरियल सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत मिळेल.

स्लोवाकसाठी स्लोवाके डॉट ईयू हा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, आणि ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस युनिव्हर्सिटीची समर स्कूल १९६५ पासून चालते. उइघुरसाठी अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीने तयार केलेलं मटेरियल शोधा. शिंजियांगला जाऊन शिकायचा विचार मात्र आत्ता सोडा. लोकसाहित्याच्या मोठ्या उइघुर अभ्यासक राहिले दावुत डिसेंबर २०१७ मध्ये तिथून गायब झाल्या आणि चीनमध्ये त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये बाहेर आलं, आणि त्या ज्या भाषेत लोकांच्या गोष्टी गोळा करत होत्या तीच आपण शिकतोय. त्यामुळे परदेशातल्या उइघुर माणसाबरोबर बसून शिकलात तर घरच्यांबद्दल, गावाबद्दल आपणहून विचारू नका, रेकॉर्डिंग करण्याआधी स्पष्ट परवानगी घ्या, प्रोजेक्टमध्ये त्यांचं नाव टाकू नका, आणि ऑडिओ ऑनलाइन तर अजिबात चढवू नका. तिकडे राहिलेल्या नातेवाइकांना त्याचा त्रास होऊ शकतो.