चॅरिटीसाठी ड्रॅग पेजंट करताय? आधी हिशेब, मग मुकुट

ड्रॅग पेजंट म्हणजे वेश आणि मेकअपने बाईचं किंवा पुरुषाचं रूप रंगवणाऱ्या कलाकारांची सौंदर्यस्पर्धेसारखी स्पर्धा. मुकुट, सॅश, थीम, पोस्टर हे सगळं नंतर, पहिल्या मीटिंगला फक्त एकच गोष्ट ठरवा की पैसे कुणाला जाणार. "एलजीबीटी समाजासाठी" एवढंच लिहून चालत नाही, तिकीट काढणारा विचारतोच, म्हणजे नक्की कुणासाठी? एक संस्था, एक काम. घरातून हाकललेल्या ट्रान्स मुलामुलींच्या खोलीचं भाडं, किंवा एचआयव्ही तपासणीचा कॅम्प, असं काहीतरी डोळ्यासमोर येईल असं. हमसफर ट्रस्टसारखी 1994 पासून मुंबईत काम करणारी संस्था असो नाहीतर तुमच्या एरियातली छोटी, त्यांचा लेखी होकार घ्या आणि देणगीचा क्यूआर कोड थेट त्यांच्याच खात्याचा लावा. आपल्या यूपीआयवर गोळा करू आणि मग ट्रान्सफर करू, हे नको म्हणजे नकोच, तुम्ही कितीही सरळ असलात तरी.

तिकीट म्हणजे देणगी नव्हे हे पण आधीच स्पष्ट सांगा, कारण तिकिटाच्या बदल्यात माणूस शो बघतो, त्याला 80जी ची, म्हणजे इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी, पावती मिळत नाही. वेगळी देणगी दिली तरच मिळते, तीही संस्थेकडे 80जी असेल तर, आणि कॅश 2000 रुपयांच्या वर दिली तर टॅक्समध्ये सूट नाही. आणि अमेरिकन पासपोर्टवाली मावशी प्रेमाने डॉलर पाठवते म्हणाली तर आधी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, आहे का ते विचारा, नसेल तर मावशीला सांगा राहू दे, रील शेअर कर. माझ्या मते सोपा फॉर्म्युला असा, खर्च तिकीट आणि स्पॉन्सरमधून काढायचा, देणगीतला एक रुपया पण खर्चाला लावायचा नाही. आणि हो, परफॉर्मरना पैसे द्या! चॅरिटी आहे म्हणून लाइटवाला फुकट येत नाही, साउंडवाला येत नाही, मग विग, मेकअप, टॅक्सी स्वतःच्या खिशातून करणारी ड्रॅग क्वीनच, म्हणजे बाईचं रूप रंगवणारी कलाकारच, का फुकट?

तारीख. जगात बऱ्याच ठिकाणी प्राइड, म्हणजे एलजीबीटी समाजाचा अभिमान सोहळा, जूनमध्ये असतो कारण न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरच्या पोलिस छाप्याविरुद्धचा उठाव 28 जून 1969 चा, पण आपल्याकडे जूनमध्ये हिंदमाताला गुडघाभर पाणी, त्यात कुणाचा घागरा सांभाळणार. मुंबईचा प्राइड मोर्चा, क्वीअर आझादी मार्च, पण 2008 ला ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि नंतर जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकला. तेच दिवस बरे, प्रेक्षकही त्याच मूडमध्ये असतात.

जागा पब की नाट्यगृह यावर ग्रुपमध्ये भांडणं होणार. पब ग्लॅमरस वाटतो, भाडंही बऱ्याचदा माफ करतात, पण महाराष्ट्रात बियर 21 ला आणि हार्ड ड्रिंक 25 ला, त्यामुळे 19-20 ची पोरं दारातच अडकू शकतात आणि इन्क्लुझिव्ह हा शब्द पोस्टरवरच राहतो. मला नाट्यगृहच आवडतं. मेकअप रूमला आरसे, बल्ब, बसायला खुर्च्या, सगळं तयार. शनिवार-रविवार नाटकवाल्यांनी धरलेले असतात, मग मधल्या वारी दुपारचा स्लॉट मागा. स्वतः जाऊन बघा की व्हीलचेअर प्रेक्षागृहातच नाही तर स्टेजवर कशी चढते, कारण रॅम्प नेहमी प्रेक्षकांसाठी असतो, स्पर्धकांचा विचार कुणी करत नाही. पोलिसांची परवानगी, रेकॉर्डेड गाणी वाजवायचं पीपीएल-आयपीआरएस लायसन्स, यातलं काय त्यांच्याकडे आहे आणि काय तुम्ही काढायचं हे मॅनेजरला विचारून कागदावर घ्या. लिप-सिंक, म्हणजे गाण्यावर नुसते ओठ हलवणं, म्हटलं की रेकॉर्डेड गाणीच, तेव्हा हे टाळता येत नाही.

आता स्पर्धकांचा फॉर्म. ड्रॅग म्हणजे साडी नेसलेला पुरुष एवढंच डोक्यात असेल तर फॉर्म पण तसाच बनतो. पुरुषाचं रूप रंगवणारे ड्रॅग किंग येऊ देत, ट्रान्स बाई येऊ दे, जन्मापासून बाई असलेली येऊ दे, स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणारी नॉन-बायनरी व्यक्ती येऊ दे. वजन, रंग, उंची विचारूच नका. स्टेजचं नाव, वय 18 पूर्ण असल्याचा पुरावा, काही मदत लागेल का, आणि स्टेजवर आला म्हणायचं, आली म्हणायचं की आले, एवढं पुरे, कारण मराठीत अनाउन्स करणाऱ्याची इथे हमखास गडबड होते. आधारवरचं नाव फक्त एका माणसाने बघायचं आणि ते माइकवाल्याच्या लिस्टमध्ये येता कामा नये.

फोटोचंही तसंच. कितीतरी जणांच्या घरी माहीत नसतं, आणि एका टॅग केलेल्या रीलने संध्याकाळीच सांगलीहून फोन येतो. स्पर्धक, प्रेक्षक सगळ्यांना मनगटावर हिरवा किंवा लाल बँड द्या, लाल म्हणजे फोटो नाही, आणि दोन व्हॉलंटियर फक्त हेच बघायला ठेवा.

राउंड तीनच ठेवा, लुक, टॅलेंट, प्रश्न. एक मराठी बाज हवाच. आपल्याकडे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची (1888-1967) साड्या नेसायची पद्धत घरंदाज बायका उचलायच्या, कोकणात दशावतारात आजही पुरुष स्त्रीपार्ट करतात, पुरुषांची लावणी तर फडावर आहेच. त्याला ड्रॅग म्हणायचं की नाही यावर खुशाल वाद घाला, पण अमेरिकन शोची कॉपी करण्यापेक्षा हा खजिना घरचा आहे. फक्त टाळी वाजवून हिजड्यांची नक्कल करणारा जोक आला तर तिथेच मार्क कापा. तुम्ही पैसे ज्यांच्यासाठी गोळा करताय त्यांचीच चेष्टा?

पैशाची मतं, म्हणजे 10 रुपयाला 1 मत, यात मजा येते आणि देणगी पण धडाधड जमते, पण तिचा जजच्या मार्कांशी संबंध ठेवू नका. "लोकांची लाडकी" असा वेगळा किताब ठेवा, नाहीतर ज्याचा मित्र फायनान्समध्ये तोच मुकुट नेणार.

नवीन लोकांसाठी मेकअपचं थोडक्यात. दाढीची निळसर छटा केशरी करेक्टरने मारायची, मगच फाउंडेशन. भुवया ग्लू स्टिकने बसवून वर पावडर, हे दोन-तीन थर. कमरेला सोफ्याचा फोम कापून पॅड, वर एकावर एक स्टॉकिंग. पहिल्यांदा करणाऱ्याला तीन तास धरा, आणि मुंबईच्या दमटपणात पंखा आणि एसी दोन्ही मागा, पाणी स्ट्रॉने. कॉस्मेटिक्स क्रॉफर्ड मार्केटला, कापड मंगलदासला, खोटे दागिने भुलेश्वरला, शिवलेली नऊवारी दादरला. मोठ्या मापाच्या हिल्स मात्र आधीच बनवायला टाका, आयत्या वेळी मिळत नाहीत.

शो दुपारचा नाही जमला तर रात्री साडेनऊला संपवा. मेकअप उतरवायलाच तास जातो, खोबरेल तेल आणि टिश्यूचा ढीग ठेवा. फुल ड्रॅगमध्ये कुणालाही एकटं लोकलला सोडू नका, कॅबचे पैसे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा, आणि घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत एकाने जागं राहायचं.

आठवड्याच्या आत सगळा हिशेब टाका, तिकिटं किती, स्पॉन्सर किती, देणगी किती, संस्थेची पावती, आणि खर्चाची एकेक ओळ. त्यात सेफ्टी पिनांचे पैसे पण लिहा, त्या कधीच पुरत नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या टीमला कळू दे किती लागतात.