गिटहब बघून उमेदवार निवडताना

प्रोग्रॅमरच्या जागेसाठी आलेल्या उमेदवाराचं गिटहब (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट) उघडलं की नजर आधी कुठल्या दिवशी किती काम झालं ते दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांवर जाते. मी तिकडे बघणं सोडलंय. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात कमिटला, म्हणजे बदलाच्या एकेका नोंदीला, हवी ती तारीख देता येते, त्यामुळे वर्षभराची हिरवळ एका दुपारीही उगवते. उलट फोर्कमधले (दुसऱ्याच्या प्रोजेक्टची स्वतःकडे घेतलेली प्रत) कमिट तिथे धरलेच जात नाहीत आणि खासगी रेपोमधलं (रेपो म्हणजे एका प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) काम उमेदवाराने स्वतः सेटिंग बदलल्याशिवाय दिसत नाही. असाच उजाड तक्ता बघून मी एकाला बाजूला सारलं होतं. काही महिन्यांनी आम्ही रोज वापरतो त्या तयार कोडच्या लायब्ररीत त्याचं नाव दिसलं.

रेपोला लोकांनी दिलेले स्टार किती, हेही सोडा. दोनच रेपो निवडा आणि अर्धा तास द्या. रेपो फोर्क आहे का, ते नावाखालीच लिहिलेलं असतं. असेल तर मूळ कोड कुठे संपतो आणि याचा कुठे सुरू होतो ते बघा. मग कमिटचा इतिहास वाचा. पहिल्याच कमिटमध्ये अख्खा प्रोजेक्ट आणि पुढे सामसूम असेल, तर लगेच संशय नको, पण मुलाखतीत विचारायचं टिपून ठेवा. 'तारीख रिकामी आली की क्रॅश होत होतं' असा मेसेज आणि त्याच कमिटमध्ये ती चूक तपासणारी टेस्ट दिसली, की मी पुढे वाचत राहते.

खरा माल मिळतो तो दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवरच्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशा विनंतीत. एकीचा बदल जेमतेम तीन ओळींचा होता, खाली कॉमेंट चौदा. रिव्ह्यू करणारा म्हणाला, लूपमध्ये दर वेळी डेटाबेसला क्वेरी जातेय. तिला पटलं नाही. तिने वेळ मोजून आकडे टाकले, ते तिच्याच विरोधात गेले, आणि 'तुमचं बरोबर होतं' लिहून तिने कोड बदलला. मी त्याच दिवशी तिला मुलाखतीला बोलावलं.

मुलाखतीत उमेदवाराचीच फाइल स्क्रीनवर उघडा आणि विचारा, 'आज लिहायचं तर यात काय बदलाल?' ज्याने स्वतः लिहिलंय तो लगेच स्वतःच्याच चुका काढायला लागतो. एआयकडून घेतलं असेल तरी हरकत नाही, पण 'इथे कॅश (पुन्हा लागणारा डेटा हाताशी साठवणं) का?' याचं उत्तर त्याच्याकडे हवं.

आणि प्रोफाइलच नसेल तर? कित्येकांचं सगळं काम कंपनीच्या कुलपात असतं, घरी गेल्यावर लॅपटॉप उघडायला फुरसत नसते. अशांना मी तासभर शेजारी बसवते आणि आमच्याच कोडमधला एक जुना बग मिळून शोधायला घेते.