साताऱ्याजवळच्या निसर्गवाटा: महिना पाहून दिशा ठरवावी

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला रानवाटेसाठी दूर जावे लागत नाही. अडचण असते ती कोणत्या महिन्यात कोणत्या दिशेला जावे, हे ठरवण्याची. जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, आणि शहर या दोन टोकांच्या मध्ये वसले आहे. त्यामुळे नकाशा उघडण्यापूर्वी पंचांग पाहिलेले बरे.

ज्यांना डोंगर चढण्याची सवय नाही त्यांनी अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करावी. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, तरीही पायीच चढावे, कारण आपले बूट कुठे चावतात आणि एका चढाला किती पाणी लागते, हे घराजवळच कळलेले चांगले. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असल्याने एकट्यानेही जाता येते. वर पोहोचल्यावर यवतेश्वर, सज्जनगड आणि जरंडेश्वर हे तिन्ही डोंगर ओळखून ठेवावेत. पुढच्या वाटा आखताना दिशांचा गोंधळ होत नाही.

ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अर्थातच कासचे पठार. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, यवतेश्वरच्या घाटाने वर गेल्यावर हे पठार लागते. पश्चिम घाटातील जी ३९ ठिकाणे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कासचा समावेश आहे. हंगामात दिवसाला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधीच करावी आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळावा. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग पाहण्यातच निम्मी सकाळ जाते, आणि दुपारी धुके उतरले की फुले असूनही दिसत नाहीत.

कासला जाणारे बहुतेक जण जांभळ्या-पिवळ्या गालिच्याचे छायाचित्र काढून परततात. माझ्या मते पठाराची खरी गंमत गुडघ्यावर बसल्याशिवाय कळत नाही. जांभ्या खडकावरचा मातीचा थर इथे जेमतेम असतो, त्यात नत्र फार कमी, म्हणून काही वनस्पतींनी पोषणासाठी किडे पकडण्याचा मार्ग धरला आहे. दवबिंदूच्या पानांवरील लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. त्यावर चिलट बसले की ते अडकते आणि केस हळूहळू त्याच्याकडे वळतात. सीतेची आसवे या नाजूक जांभळ्या फुलाचे सापळे तर ओल्या चिखलात दडलेले असतात, त्यामुळे शिकार आपल्याला दिसतही नाही. शेजारी पांढऱ्या गेंदाचे गोल गोंडे आणि तेरड्याचे ताटवे असतात. हे सारे वाटेच्या कडेला बसून पाहता येते. आखलेल्या वाटेवरून पाऊलभरही बाहेर जाऊ नये, कारण इतक्या पातळ मातीवर बुटाने उखडलेला तुकडा पुढच्या सरीत वाहून जातो आणि खाली उघडा कातळच उरतो.

फुले संपली म्हणजे सडे, म्हणजे ही कातळाची पठारे, पाहण्याजोगी उरत नाहीत, असा समज आहे; तो चाळकेवाडीला उन्हाळ्यात गेल्यास दूर होतो. ठोसेघरच्या पुढे पवनचक्क्यांच्या या पठारावर मार्च ते मे या काळात नर सरडे दगडावर चढून गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडझाप करत माद्यांना बोलावतात. या जातीची शास्त्रीय नोंद २०१६ मध्ये याच परिसरातून झाली आणि तिचे नाव ‘सरडा सुपर्बा’ असे ठेवले गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले. पाहायला सकाळीच जावे, दुर्बीण न्यावी, आणि एकही दगड उलटून पाहू नये. आपल्याला तो नुसता दगड वाटतो, पण त्याखाली कोणाचे तरी घर असते.

घनदाट जंगल पाहायचे असेल तर हिवाळ्यात वासोटा गाठावा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वासोटा त्याच्या हद्दीत येतो. पावसाळ्यात हा किल्ला बंद असतो. कासच्या पुढे बामणोलीला वनखात्याचा परवाना घ्यावा, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि लाँचने शिवसागर जलाशय ओलांडावा. लाँचचे भाडे माणशी नसून पूर्ण लाँचचे द्यावे लागते, म्हणून गट करून जाणे परवडते. पलीकडे वनरक्षक पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि परतताना तितक्याच दाखवाव्या लागतात. भाकरी-चटणी फडक्यात बांधून नेली तर हा हिशेबच उरत नाही. संध्याकाळपूर्वी परतणे बंधनकारक असल्याने पहाटेच निघावे.

या जंगलात गवा दिसण्याची शक्यता बरीच असते. कळपापेक्षा एकटा नर अधिक बेभरवशाचा, म्हणून तो समोर आल्यास ओरडू नये, पळू नये, त्याला वाट मोकळी करून देत मागे सरकावे. त्याहून अधिक काळजी आग्या मोहोळाची घ्यावी. कडेकपारीतले हे मोहोळ धुराने किंवा उग्र वासाने उठते, तेव्हा अत्तर लावून जाऊ नये आणि काडीही पेटवू नये.

पूर्वेकडे खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी पाहण्यासारखा आहे. पाणी किती आहे, याची गावात चौकशी करूनच निघावे.

जानेवारीपासून मात्र सुकलेल्या गवतावर लक्ष ठेवावे लागते, कारण याच दिवसांत डोंगरांना वणवे लागतात. धूर दिसला तर स्वतः विझवायला उतारावर धावू नये. आग वाऱ्यासोबत चढाच्या दिशेने झपाट्याने येते, त्यामुळे आधी बाजूच्या मोकळ्या कातळावर जावे, तिथून वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे, आणि जवळचे गाव, डोंगराचे नाव व धूर कोणत्या बाजूला आहे, हे नेमके सांगावे.