आधी विहिरी मोजा, मग खाणीचा नकाशा काढा

भूविज्ञानात एम.एस्सी. करून बेळगावहून उत्तर कर्नाटकातल्या मुधोळकडच्या एका चुनखडीच्या खाणीवर रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात आली ती पाण्याची पातळी मोजायची टेप आणि आसपासच्या विहिरींची यादी. मनात म्हटलं, हेच करायचं होतं तर एवढं शिकलो कशाला?

तिसऱ्या फेरीला एक विहीर साडेचार मीटर खाली गेलेली दिसली. मी लगेच अहवालात ठोकून दिलं: खाणीतल्या उपशाचा परिणाम. वरिष्ठ काही बोलले नाहीत, मला जीपमध्ये घालून परत त्याच विहिरीवर घेऊन गेले. मालक मराठा, घोरपड्यांच्या संस्थानापासून तिथलेच. ते हसतच म्हणाले, "तुमी आलतासा तवा मोटर चालू होती की ओ. उसाला पाणी सोडलोतो."

म्हणजे मी विहीर मोजलीच नव्हती, पंप मोजला होता. तेव्हापासून शेताला थ्री फेज कधी येतं ते आदल्या दिवशी विचारून ठेवतो आणि वीज यायच्या आत, पहाटेच जातो. कठड्यावर रंगाने एक खूण करून ठेवायची, दर वेळी तिथूनच टेप सोडायची आणि कठड्याची उंची वजा करायची. शिवाय प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्व्हेवाल्याकडून घ्यायची. नाहीतर उतारावरच्या दोन विहिरींची तुलना करून काहीच कळत नाही. कन्नड जुजबी आलं तरी काम भागतं. 'बावी एष्टु आळ ऐती?' एवढं विचारलं की माणूस विहिरीची सगळी कुंडली सांगतो. 'बावी' शब्द आपल्याला परका नाहीच, आपली 'बाव' तीच.

दुसरा चकवा कालव्याचा. घटप्रभेचा कालवा सुटला की भर उन्हाळ्यातही लाभक्षेत्रातल्या विहिरी चढतात. पाणी कधी सुटलं आणि कधी बंद झालं त्या तारखा वहीत नसतील तर आलेख बघणाऱ्याला वाटेल, खाणीमुळे भूजल वाढलं! असा निष्कर्ष कंपनीला आवडतोही, म्हणून जास्त सांभाळायचं.

इथला दगड कलादगी खोऱ्यातला, शंभर कोटी वर्षांहून जुना. घट्ट चुनखडी स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी फिरतं ते भेगांतून आणि विरघळून झालेल्या पोकळ्यांतून. त्यामुळे नकाशावर खाणीभोवती गोल वर्तुळ काढून 'प्रभावक्षेत्र' लिहिणं मला आजही पटत नाही. जवळची विहीर भरलेली आणि भेगेच्या दिशेने लांब असलेली कोरडी, असं होऊ शकतं. भेगांच्या दिशा होकायंत्राने मोजा आणि पिझोमीटर, म्हणजे भूजलपातळी मोजायच्या अरुंद विंधनविहिरी, त्या रेषेवर घ्या. खाण भूजलपातळीखाली जाऊन पाणी उपसणार असेल तर कर्नाटक भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत लागतं. त्या अर्जाचा खरा आधार म्हणजे खणण्याआधीच्या या नोंदी. खणायला लागल्यावर त्या मागे जाऊन मिळत नाहीत.

आता जमीन पूर्ववत करण्याचं. नवीन पोरांना वाटतं, खड्डा भरून वर शेती. कशाने भरणार? कोळशाच्या खाणीत वरचा माल ढिगांनी निघतो. इथे बहुतेक दगड थेट सिमेंटच्या भट्टीला जातो, एक टन क्लिंकरला (दळून सिमेंट होतं ते भट्टीतले गोळे) साधारण दीड टन चुनखडी. भरायला उरतं थोडंच. शेवटी राहतो तो तलाव, आणि त्याचं गणित पहिल्या दिवसापासून करावं लागतं. समजा खड्डा 10 हेक्टरचा आणि पाऊस 600 मिलिमीटर, तर थेट पडणारं पाणीच 60,000 घनमीटर, म्हणजे 6 कोटी लिटर. त्यातून उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं वजा करा. उघडं पडलेलं भूजल उन्हाने उडून जातं, हे अशा तलावाला 'पुनर्भरण' म्हणणारे विसरतात. शिवाय गाळणारी माती निघून गेलेली असते. वर काही सांडलं की ते थेट भेगेत. म्हणून डिझेलचा डेपो आणि स्फोटकांचं आवार खड्ड्यापासून दूर. स्फोटकांतल्या अमोनियम नायट्रेटचे अंश पाण्यात उतरतात, तेव्हा नायट्रेटची तपासणी यादीत ठेवा.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो काळ्या मातीला. तिचा थर वेगळा काढून ठेवायचा, हे खनिज संवर्धन आणि विकास नियम, 2017 मध्येच आहे. पण आम्ही एकदा ती मुरमासोबत एकाच उंच ढिगाऱ्यात टाकली. दोन पावसाळ्यांत निम्मी ओढ्यात गेली आणि उरलेल्यात वेडी बाभूळ माजली. आता ढीग बुटके आणि लांब ठेवतो, वर ताग पेरतो, आणि शक्य तिथे ती माती लगेच खाणीच्या काम संपलेल्या पायऱ्यांवर पसरतो. करंज, कडुलिंब, सीताफळ तग धरतात.

तलावाचा एक काठ मात्र तिरपा सोडायला सांगा, गुरं उतरतील एवढा. आराखडा मंजूर व्हायच्या आधीच सांगा, कारण त्या उतारासाठी थोडी चुनखडी जागेवरच सोडावी लागते आणि मंजुरीनंतर ती कोणी सोडत नाही.