काबुकीतला नट कितवा, ते ओळखायचं कसं

मला काबुकीचा, म्हणजे जपानच्या जुन्या पारंपरिक नाटकाचा, नाद लागला तो एका जुन्या फिल्ममुळं. १८९९ साली शूट झालेली 'मोमिजीगारी', जेमतेम काही मिनिटांची, आवाज नाही, उघड्यावर वारा सुटलाय आणि नाचता नाचता नटाच्या हातातला पंखा उडून जातो. नटाचं नाव दान्जूरो. मग त्याच रात्री दुसरा व्हिडिओ लागला, रंगीत, २०२२ चा, आणि त्यातल्या नटाचं नावपण दान्जूरोच. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती, ती म्हणाली, "नातू असंल गं त्याचा." मलाही तसंच वाटलं. पण तसं नव्हतं, आणि का नव्हतं हे शोधता शोधता मला ही सगळी नावांची भानगड समजली. आमच्या सांगलीच्या नाटकाच्या ग्रुपात बरेच जण आता काबुकी बघायला लागलेत आणि सगळे इथंच अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा, की काबुकीत नाव म्हणजे गादी. माणूस तिच्यावर येतो, काही वर्षं ती चालवतो आणि पुढच्याकडं देऊन जातो. आपण सातारा-सांगलीकडची माणसं, आपल्याला गादी आणि वारस हे शब्द कुणी समजावून सांगायची गरज नाही. नाव घेण्याच्या या प्रकाराला तिकडं शूमेई म्हणतात.

आता नाव हातात आलं की ते फोडायचं कसं. आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीत यायचं तसं. इचिकावा दान्जूरो म्हणजे इचिकावा घराणं आणि दान्जूरो ही गादी. इंग्रजी बातम्यांत कधीकधी हे उलटं छापतात तेवढं ध्यानात ठेवा. त्यानंतर लगेच आकडा शोधायचा, आकड्याशिवाय पुढं जायचंच नाही. जपानीत आकड्याला 'दाइमे' लावतात, म्हणजे जूसान-दाइमे म्हणजे तेरावा. माझ्या फिल्ममधला नववा दान्जूरो होता, तो १९०३ ला वारला, आणि २०२२ चा तेरावा. नुसतं 'दान्जूरोनं हे केलं' असं कुठं वाचलंत तर सालावरनं आकडा काढा, नाहीतर १७०४ साली स्टेजवरच दुसऱ्या नटानं ज्याचा खून केला तो पहिला दान्जूरो आणि आत्ताचा, दोघं एकच होऊन बसतात.

मग शिडी बघायची. मोठं नाव एकदम मिळत नाही, पोरगं लहानपणी एक नाव घेतं, तरुणपणी दुसरं आणि तयारी झाली की तिसरं. इचिकावांची शिडी शिन्नोसुके, मग एबिझो, मग दान्जूरो. आत्ताचे तेरावे १९८५ ला सातवे शिन्नोसुके झाले, २००४ ला अकरावे एबिझो आणि नोव्हेंबर २०२२ ला दान्जूरो. म्हणजे एकाच माणसाचे व्हिडिओ तुम्हाला तीन नावांनी सापडणार, तिन्ही नावं टाकून शोधा. आणि शिडी फक्त वरच जाते असंही नाही हं, सातव्या दान्जूरोनं १८३२ साली नाव पोराला दिलं आणि स्वतः एबिझो झाला. मात्सुमोतो घराण्यात तर जानेवारी २०१८ मध्ये आजोबा, बाप, नातू तिघंही एकदम एकेक पायरी सरकले. नववे कोशिरो झाले दुसरे हाकुओ, सातवे सोमेगोरो झाले दहावे कोशिरो आणि चौथा किंतारो झाला आठवा सोमेगोरो. असं बघताना मी सरळ वहीत तक्ता काढते, तोंडी हिशोब जमत नाही.

व्हिडिओत मधेच प्रेक्षकांतनं कुणीतरी ओरडतं ते ऐकलंय का? त्याकडं कान द्या, कारण नाव कळलं नाही तरी घर तिथं कळतं. प्रत्येक घराण्याला एक यागो असतो, म्हणजे घराची हाक. नारिताया ऐकू आलं तर दान्जूरोंचं घर, ओतोवाया तर किकुगोरोंचं, कोराईया तर कोशिरोंचं, नाकामुराया तर कान्झाबुरोंचं. वरच्या गॅलरीत बसणारे जाणकार बरोबर पॉज साधून हे ओरडतात, अर्धा सेकंद इकडंतिकडं झाला तरी मजा जाते. कधी नुसता आकडाच ओरडतात, "जूसान-दाइमे!" आपल्याकडं संगीत नाटकात वन्स मोअर यायचा त्याच मायेनं.

आणि वेळ एकाच गोष्टीला देणार असाल तर कोजोला द्या. नाव घेतल्याची घोषणा, तीही स्टेजवर, प्रेक्षकांसमोर, नाटकांच्या मधे. पडदा उघडतो तेव्हा सगळे मोठे नट एका ओळीत गुडघ्यावर बसलेले, कपाळ खाली टेकलेलं, अंगात कामिशिमो, म्हणजे खांद्याला ताठ पंख असलेला जुना दरबारी पोशाख. मग एकेक जण मान वर करून बोलतो. नवीन नटाच्या वडलांची आठवण सांगतो, आजोबांबरोबर काम केलेलं सांगतो, आणि शेवटी प्रेक्षकांना विनंती करतो की याला सांभाळून घ्या. भाषा कळली नाही तरी चालतं, फक्त नवीन नटाकडं बघत राहा. दान्जूरोंच्या घरात त्यानंतर निरामी असते, गुडघा उभा करून डोळे वटारून प्रेक्षकांकडं बघायचं, ती नजर अंगावर पडली की वर्षभर आजारपण येत नाही असं लोक मानतात. मी हे बघताना आपोआप हात जोडले होते.

आता आई 'नातू असंल' म्हणाली होती त्याकडं येते. नववा आणि तेरावा यांच्यात रक्ताचं नातं नाहीये. नवव्याला वारस मुलगा नव्हता, त्याचा जावई बँकेतला माणूस, तो वयाच्या तिशीच्या आसपास सासऱ्याचं घर चालवायला नट झाला, आणि १९५६ ला वारल्यावर त्याला दहावा दान्जूरो हे नाव दिलं. त्यानं सातव्या कोशिरोंचा थोरला मुलगा दत्तक घेतला होता, तो १९६२ ला अकरावा झाला, आणि आत्ताचे तेरावे हे त्या अकराव्याचे नातू. दत्तकानं आलेला मुलगा तिकडं पूर्ण वारस. हे वाचलं तेव्हा मला आपलं १८४८ आठवलं, दत्तक मानायचा नाही म्हणून इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते. काबुकीत दत्तक मानला नसता तर निम्मी नावं केव्हाच बंद पडली असती. म्हणून 'मुलगा' असं वाचलं की सख्खा का दत्तक ते बघत जा. बायकांच्या भूमिका करणारे पाचवे बान्दो तामासाबुरो नटाच्या घरात जन्मलेलेच नाहीत, लहानपणी पोलिओ झाला म्हणून नाच शिकायला लावलं आणि पुढं चौदाव्या मोरिता कान्याने त्यांना दत्तक घेतलं.

गादी रिकामी असू शकते हेही लक्षात असू द्या. १९०३ ते १९६२ स्टेजवर दान्जूरो कुणी नव्हता. बारावे २०१३ ला गेल्यावर परत नऊ वर्षं रिकामी, त्यात २०२० ला ठरलेला सोहळा कोरोनामुळं पुढं गेला. आणि साकाता तोजूरो हे नाव तर २३१ वर्षांनी, २००५ साली, तिसऱ्या नाकामुरा गान्जिरोंनी परत उभं केलं, त्यासाठी यागोसुद्धा बदलून घेतला. सत्तरी पार केलेला माणूस, स्वतःचं जमलेलं नाव सोडून. आपल्याकडं असं नाही, नागठाण्याचे बालगंधर्व एकच, पुढं सवाई, छोटा, कुमार असे गंधर्व झाले पण प्रत्येकाचं नाव वेगळं. मला दोन्ही पद्धती आवडतात, पण वारसा म्हणून जबाबदारी अंगावर घ्यायची तर तिकडची जास्त कठीण, कारण रोज आधीच्या बारा जणांशी तुलना.

एक ठिकाण असं आहे जिथं माझी सालाची युक्तीपण चालत नाही. मे २०२५ मध्ये पाचवे किकुनोसुके आठवे किकुगोरो झाले, पण वडलांनी नाव सोडलं नाही, तेही सातवे किकुगोरो म्हणूनच राहिले. म्हणजे एकाच वेळी, एकाच स्टेजवर, दोन किकुगोरो. त्या वर्षाचं काही शोधताना किकुगोरोच्या पुढं सात किंवा आठ घालाच.